शाळेतील लहान जनित्र व त्यावरील भाराचा हिशेब

ग्रामीण प्राथमिक शाळांतून आज संगणक, प्रोजेक्टर, ध्वनिवर्धक, पंखे आणि कूपनलिकेवरील पंप ही साधने पुष्कळ ठिकाणी आलेली आहेत. परंतु त्यांना चालविणारी वीज दिवसभर टिकेलच, अशी खात्री सर्वत्र देता येत नाही. वादळात तार तुटते, रोहित्र जळते, दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवावा लागतो. अशा वेळी, विशेषतः स्नेहसंमेलनासारख्या प्रसंगी, पेट्रोलवर चालणारे लहान जनित्र भाड्याने आणण्याची किंवा लोकवर्गणीतून विकत घेण्याची वेळ शाळेवर येते. मग ‘जनरेटर केवढा आणावा?’ हा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो आणि बहुधा त्याचे उत्तर दुकानदार किंवा मंडपवाला देतो. वास्तविक हे उत्तर काढण्यास लागणारे गणित सातवीच्या विद्यार्थ्यास येते. ते शाळेनेच करावे हे इष्ट. कारण चुकीच्या उत्तराचे मोल शाळेलाच द्यावे लागते.

जनित्राचे मूलतत्त्व शिक्षकांस परिचित आहेच. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरविला असता वेटोळ्यात विद्युत्धारा उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये हा शोध लावला. लहान जनित्रात चुंबक फिरविण्याचे काम पेट्रोलचे एंजिन करते. आपल्या देशातील वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे. दोन ध्रुवांचा चुंबक सेकंदाला ५० वेळा फिरला तर ५० आवर्तने मिळतात. म्हणजे एंजिनाने मिनिटाला ३,००० फेरे केले पाहिजेत. सर्वसाधारण लहान जनित्रे याच गतीने चालतात. इन्व्हर्टर जातीच्या नव्या जनित्रांचे एंजिन भारानुसार कमीअधिक गतीने चालते व आवर्तने इलेक्ट्रॉनिक मंडलाकडून नियमित केली जातात, एवढाच त्यांचा भेद.

येथेच एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. विद्युत् मंडळाच्या तारांमागे प्रचंड शक्तीची केंद्रे उभी असतात. शाळेने एक पंप सुरू केला तर त्यांना त्याची दखलही घ्यावी लागत नाही. जनित्राचे तसे नाही. त्याच्यामागे एक लहानसे एंजिन आहे. त्यावर पेलवेल त्याहून अधिक भार घातला की ते मंदावते. फेरे कमी झाले की दाब उतरतो व आवर्तनेही घटतात. दिवे मिणमिणतात हे सर्वांना दिसते. परंतु पंपाची मोटर अशा वेळी नीट फिरू न शकल्यामुळे उलट अधिक धारा ओढते आणि तापते, हे कोणास दिसत नाही. वेटोळे जळाल्याचा वास आल्यावरच ते कळते.

आता भार मोजावयाचा कसा? प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर किंवा तळाशी एक नामपट्टी असते. तिच्यावर त्याची शक्ती वॅटमध्ये दिलेली असते. क्वचित केवळ व्होल्ट व अँपिअर दिलेले असतात, तेव्हा त्यांचा गुणाकार करावा. दोन वर्ग, एक कार्यालय व एक सभागृहवजा मोठी खोली असलेली एक शाळा उदाहरणादाखल घेऊ. तिच्यात २० वॅटच्या ८ एलईडी नळ्या आहेत, त्यांचे १६० वॅट झाले. ७५ वॅटचे ६ पंखे, त्यांचे ४५०. दोन संगणक पडद्यासह प्रत्येकी १५० वॅट, म्हणजे ३००. प्रोजेक्टर ३०० वॅटचा आहे. ध्वनिवर्धकावर ‘१०० वॅट’ असे छापले आहे; परंतु येथे फसगत होते. तो आकडा कर्ण्याला मिळणाऱ्या शक्तीचा असतो, तारेतून घेतल्या जाणाऱ्या शक्तीचा नव्हे. हिशेबात त्याचे २०० वॅट धरणे सुरक्षित. एकूण बेरीज १,४१० वॅट.

ज्या उपकरणाची पट्टी पुसून गेली असेल त्याची शक्ती शाळेच्या वीजमीटरवरूनही काढता येते, आणि हा प्रयोग मुलांना फार आवडण्याजोगा आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी, एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल, याचा आकडा छापलेला असतो. तो आकडा ३,२०० आहे असे समजा. शाळेतील बाकी सर्व बटने बंद करून फक्त तो पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवावा आणि मुलांना घड्याळ लावून लुकलुकणे मोजावयास सांगावे. मिनिटात ४ वेळा दिवा लागला तर तासाला २४० वेळा; २४० भागिले ३,२०० म्हणजे ०.०७५ युनिट. पंखा ७५ वॅटचा आहे. दोन्ही संगणक चालू केले की हीच संख्या मिनिटाला १६ वर जाते. युनिट, किलोवॅट व तास यांचा संबंध फळ्यावर तीनदा लिहूनही जो ठसत नाही, तो या मोजणीने पाच मिनिटांत ठसतो.

पंपाकडे आता वळावे. त्याच्यावर ‘१ अश्वशक्ती’ असे लिहिलेले असते. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, हे पाठ्यपुस्तकातील समीकरण आठवून पुष्कळ लोक बेरजेत ७४६ मिळवितात. १,४१० व ७४६ मिळून २,१५६ वॅट, सबब सव्वादोन किलोवॅटचे जनित्र पुरे, असा निष्कर्ष काढतात. या निष्कर्षात तीन निरनिराळ्या चुका आहेत आणि तिन्ही एकाच दिशेच्या आहेत.

पहिली चूक अशी की, ७४६ वॅट ही मोटरीच्या दांड्यावर मिळणारी शक्ती होय. मोटर स्वतः जे घेते त्यातील काही भाग उष्णतेत व घर्षणात जातो. एवढ्या लहान एकदिक् मोटरीची कार्यक्षमता साधारणपणे शेकडा ६० ते ६५ असते. त्यामुळे दांड्यावर ७४६ वॅट देण्यासाठी ती तारेतून सुमारे १,२०० वॅट घेते.

दुसरी चूक वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांना एकच मानण्याची. जनित्राचे माप बहुधा ‘केव्हीए’ म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये दिलेले असते. नांगराला जुंपलेला बैल दोर सरळ रेषेत ओढील तर त्याचे सर्व बळ नांगरास मिळते. दोर तिरका झाला की बैलाला तेवढाच जोर लावावा लागतो, पण पुढे नेणारे बळ कमी भरते. मोटर, पंखा इत्यादी वेटोळ्याच्या उपकरणांत दाब आणि धारा यांची आवर्तने एकमेकांशी जुळत नाहीत, थोडी मागेपुढे होतात. त्यामुळे जनित्राला धारा पूर्ण द्यावी लागते, पण उपयोगी पडणारे वॅट त्यापेक्षा कमी मिळतात. या दोहोंच्या गुणोत्तरास शक्तिगुणक म्हणतात. संमिश्र भारासाठी तो ०.८ धरण्याची रीत आहे. म्हणून आपल्या १,४१० वॅटसाठी १,४१० भागिले ०.८, म्हणजे सुमारे १,७६० व्होल्ट-अँपिअर लागतील आणि पंपाच्या १,२०० वॅटसाठी १,५००.

तिसरी चूक सर्वांत मोठी. चिखलात उभी असलेली भरली गाडी हलविण्यास बैलांना जो हिसका द्यावा लागतो, तो चालत्या गाडीला लागत नाही, हे खेड्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. मोटरीचेही असेच आहे, मात्र तेथे कारण आणखी खोल आहे. फिरती मोटर आपल्याच फिरण्याने पुरवठ्याच्या दाबाला उलटा दाब निर्माण करीत असते व त्यामुळे आत शिरणाऱ्या धारेस आळा बसतो. मोटर थांबलेली असताना हा उलटा दाब नसतो. बटन दाबताच धारेला अडविणारे फारसे काही नसल्यामुळे तिचा लोंढा आत शिरतो. चालू स्थितीतील धारेच्या तिपटीपासून सहापटीपर्यंत तो असू शकतो. एकदोन सेकंदांत मोटर गती घेते व धारा मूळ पातळीवर येते. विद्युत् मंडळाच्या पुरवठ्यावर या क्षणाची जाणीव एखाद्या दिव्याच्या मिचकण्यापलीकडे होत नाही. लहान जनित्राची मात्र हीच खरी परीक्षा असते. त्या दोन सेकंदांत एंजिन दबले तर मोटर गती घेत नाही. मोटर गती घेत नाही म्हणून लोंढा ओसरत नाही. आणि लोंढा ओसरत नाही म्हणून एंजिन अधिकच दबते. फ्यूज किंवा संरक्षक बटन वेळीच उडाले तर निभावते.

जनित्र निवडताना मोटरीच्या चालू भाराच्या निदान तिप्पट भार धरावा. आपल्या पंपाचे १,५०० व्होल्ट-अँपिअर सुरुवातीस ४,५०० होतील. दिवे, पंखे, संगणक सर्व चालू असताना कोणी शेवटी पंपाचे बटन दाबले, तर त्या क्षणी जनित्राकडे १,७६० अधिक ४,५०० म्हणजे ६,२६० व्होल्ट-अँपिअरची मागणी होईल. तेच, पंप आधी सुरू करून तो स्थिर झाल्यावर बाकीची उपकरणे एकेक करून लावली, तर सर्वाधिक मागणी ४,५०० चीच राहते. कारण पुढे पंप १,५०० वर येतो व सर्वांची बेरीज ३,२६० होते. केवळ बटने दाबण्याचा क्रम बदलल्याने साडेसहा केव्हीएच्या ऐवजी पाच केव्हीएचे जनित्र पुरते. तिसरा मार्ग याहूनही स्वस्त आहे. वीज असेल त्या वेळी पाण्याची टाकी भरून ठेवावी आणि पंप जनित्रावर घेऊच नये. मग उरतात १,७६० व्होल्ट-अँपिअर. जनित्र सतत पूर्ण भाराने चालविणे योग्य नसल्यामुळे हा आकडा त्याच्या क्षमतेच्या शेकडा ८० इतका बसावा. १,७६० भागिले ०.८, म्हणजे २,२०० व्होल्ट-अँपिअर किंवा २.२ केव्हीए. जुन्या पंख्यांच्या जागी ३० वॅटचे नवे बीएलडीसी पंखे बसविले असतील तर २७० वॅट आणखी वाचतात व २ केव्हीएचे जनित्रही पुरे पडते. टाकी भरण्याची साधी शिस्त शाळेचे किती पैसे वाचविते, ते यावरून दिसेल.

पंप त्रिदिक् असेल, म्हणजे तीन तारांवर चालणारा असेल, तर तो घरगुती लहान जनित्रावर मुळीच चालत नाही. गणिताचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुकानात गेल्यावर जनित्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत एक आकडा व पट्टीवर बारीक अक्षरांत दुसरा आकडा आढळतो. मोठा आकडा कमाल शक्तीचा असतो. ती जनित्र थोडाच वेळ देऊ शकते. लहान आकडा सतत देता येणाऱ्या शक्तीचा. हिशेब नेहमी लहान आकड्यावर करावा. डोंगरी भागातील शाळांनी आणखी एक वजावट करावी. उंचावर हवा विरळ असते, एंजिनाला प्राणवायू कमी मिळतो व त्याची शक्ती दर १०० मीटरला शेकडा १ या प्रमाणात घटते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर आहे, समुद्रसपाटीवर २.२ केव्हीए देणारे जनित्र तेथे सुमारे १.९ केव्हीएच देईल.

मग सरळ मोठेच जनित्र का घेऊ नये, असे विचारले जाते. भाडे अधिक हे तर उघडच आहे. पण तेवढ्याने भागत नाही. एक लिटर पेट्रोलच्या ज्वलनात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. लहान एंजिन त्यातील जेमतेम दीड युनिट वीज आपल्या हाती देते, तेही चांगला भार असताना. भार एक चतुर्थांश केला म्हणून पेट्रोल एक चतुर्थांश लागत नाही. नुसते फिरत राहण्यासाठीच एंजिन बरेच पेट्रोल खाते. दोन संगणकांसाठी पाच केव्हीएचे जनित्र चालविणे म्हणजे दोन मुलांना शाळेत पोहोचविण्यास एस. टी. ची गाडी काढण्यासारखे आहे. संगणक आणि दिवे एवढ्यासाठीच वीज हवी असेल तर बॅटरीवरील इन्व्हर्टर किंवा सौर संच हेच अधिक शहाणपणाचे. भाराचे गणित मात्र तेथेही हेच.

जनित्रापासून उपकरणापर्यंत जाणाऱ्या तारेचा विचार सहसा कोणी करीत नाही. मैदानाच्या कडेला जनित्र ठेवून ३० मीटर लांबीची १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढली असे धरू. जाणारी व येणारी मिळून ६० मीटर तार झाली; तिचा रोध सुमारे १.०५ ओहम. पंपाची चालू धारा ६.५ अँपिअर असताना या तारेत ७ व्होल्ट खर्ची पडतील. परंतु सुरुवातीच्या २० अँपिअरच्या लोंढ्याला २१ व्होल्ट कमी मिळतील, आणि नेमका तोच क्षण अडचणीचा असतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरली तर ही घट साडेआठ व्होल्टांवर येते. तारेचे वेटोळे करून ठेवू नये, कारण तारेत निर्माण होणारी उष्णता वेटोळ्यातून बाहेर पडत नाही व आवरण वितळते.

येथपर्यंत हानीची गोष्ट उपकरणांची होती. यापुढील दोन गोष्टी माणसांच्या आहेत आणि त्यांत अंदाजाला जागा नाही.

जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो व शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. पावसाळ्यात भिजू नये म्हणून, किंवा आवाज कार्यक्रमात येऊ नये म्हणून, जनित्र व्हरांड्यात, जिन्याखाली वा रिकाम्या वर्गात ठेवण्याचा मोह होतो. दारे-खिडक्या उघड्या आहेत, एवढ्यावर विसंबून चालत नाही. जनित्र उघड्या जागेत, कोणत्याही दार-खिडकीपासून निदान ६ मीटर दूर आणि धुराचे तोंड इमारतीच्या विरुद्ध दिशेला करूनच ठेवावे. पाऊस असेल तर बाजूंनी मोकळे छप्पर उभारावे. या वायूची पहिली लक्षणे डोकेदुखी, चक्कर, मळमळ व गुंगी अशी असतात. दाटीने बसलेल्या मुलांपैकी दोघाचौघांना एकाच वेळी असे होऊ लागले तर उकाड्याने झाले असेल, म्हणून पाणी पाजत बसू नये. सर्वांना त्वरित मोकळ्या हवेत न्यावे, जनित्र बंद करावे व डॉक्टरांना बोलवावे.

दुसरी गोष्ट शाळेबाहेरील एका माणसाच्या जिवाची आहे. कित्येकदा दोन्ही टोकांना खुंट्या असलेली तार करून जनित्राची वीज भिंतीतील एखाद्या सॉकेटमधून सर्व शाळेला दिली जाते. युक्ती सोपी दिसते. पण शाळेची तारजोडणी मीटरमधून खांबावर व खांबावरून रोहित्रावर गेलेली असते. रोहित्र ज्याप्रमाणे ११,००० व्होल्टचे २३० करते, त्याचप्रमाणे उलट बाजूने २३० व्होल्ट आले तर त्यांचे ११,००० करते. पुरवठा बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात त्या वेळी हजारो व्होल्टची तार असेल. शिवाय त्या खुंटीच्या उघड्या पितळी टोकांना एखाद्या मुलाचा हात लागला तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. शाळेच्या जोडणीला जनित्र लावावयाचे असेल तर परवानाधारक कंत्राटदाराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्याची मूठ एका बाजूला असताना खांबाची वीज व दुसऱ्या बाजूला असताना जनित्राची वीज मिळते; दोन्ही एकत्र येऊच शकत नाहीत. तो नसेल तर उपकरणे थेट जनित्रावरील सॉकेटलाच जोडावीत. अर्थिंगची तार तुटलेली तीन खुंट्यांची पिन वापरून काम भागविण्याची सवय तर सर्वत्र आहे. जनित्राच्या धातूच्या सांगाड्याशी मुले खेळतात तेथे ती विशेष घातक होय.

संगणक व प्रोजेक्टर जनित्रावर लावण्यापूर्वी ते मिनिट-दोन मिनिटे मोकळे चालू द्यावे, म्हणजे गती स्थिरावते. साध्या जनित्राची वीज युपीएसला कित्येकदा मानवत नाही. आवर्तने मागेपुढे होताच ते बॅटरीवर जाते व थोड्या वेळाने चीत्कार करू लागते. दोष युपीएसचा नसतो. अशा ठिकाणी इन्व्हर्टर जातीचे जनित्र उपयोगी पडते.

बंद करतानाचा क्रम नेमका उलटा. प्रथम उपकरणे बंद करावीत. दिव्याच्या जुन्या प्रोजेक्टरचा पंखा आतील दिवा थंड करून आपोआप थांबेपर्यंत वाट पाहावी. मग जनित्र थोडा वेळ मोकळे चालवून थांबवावे. पेट्रोल संपून जनित्र आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवण्याची पद्धत सोडावी, कारण शेवटच्या क्षणांत दाब अनियमित होतो. तापलेल्या एंजिनावर पेट्रोल ओतू नये. पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्यावे व त्या वेळी मुलांना दूर ठेवावे. विकत घेतलेले जनित्र महिन्यातून एकदा थोडा भार घालून पंधरा मिनिटे चालवावे. दीर्घ सुटीपूर्वी टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे, नाही तर ते चिकट होऊन कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवते. प्रत्येक उपकरणाचे वॅट व सुरू करण्याचा क्रम लिहिलेला पुठ्ठा जनित्राच्या मुठीला बांधून ठेवला, तर मुख्याध्यापक रजेवर असतानाही काम अडत नाही.